अॅटलासवाल्यांचे गुडघे

गेल्या महिन्यातली गोष्ट. दवाखान्याच्या बाकावर साठी ओलांडलेले तिघे जण बसले होते. एकाला खोकला, एकाचे रक्तदाब तपासायचे, एकाचा गुडघा दुखतोय. मी आत एका पोराच्या कानातला मळ काढत होतो आणि माझा स्वतःचा अर्धा कान बाहेर होता, कारण बाहेर वाद रंगला होता. विषय राजकारणाचा नव्हता, उसाच्या दराचाही नव्हता. सायकल कुठली चांगली, हा होता.

"रॅले म्हणजे रॅले. तिच्यावर बसलं की माणूस साहेब दिसायचा," असे खोकलेवाले म्हणाले.

"दिसायचा! पण पाठीमागं पोतं टाकल्यावर?" हे गुडघेवाले. गावात घरोघर दूध घालतात. "माझ्या अटलासवर दोन कॅन दुधाचे, वर पेंडीचं पोतं टाकून मी कारखान्याचा चढ चढलोय. हँडल इकडचं तिकडं झालं नाही."

"हिरो हलकी पडते पायाला," तिसऱ्यांनी आपले मत नोंदवले आणि खोकलेवाल्यांना खोकल्याची उबळ आल्यामुळे सभा तहकूब झाली.

दूधवाले आत आले तेव्हा त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि विचारले, "पोरगा म्हणतो सायकल सोडा, गाडी घ्या. तुमचं काय म्हणणं?"

वाचकहो, या प्रश्नाला मी तीस वर्षांत अनेकदा उत्तर दिले आहे आणि पहिली काही वर्षे ते चुकीचे दिले. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी सायकलीबद्दल थोडे. माझे वडील तलाठी होते. सोसायटीचे कर्ज काढून त्यांनी काळी अॅटलास घेतली, तेव्हा घरात आलेली ती पहिली यंत्रवस्तू होती. रेडिओसुद्धा नंतर आला. दर रविवारी तिला खोबरेल तेलाच्या चिंधीने पुसायचे आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालायची, हे माझे काम. चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीसची चाके, वर आडवी नळी. त्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मी शिकलो आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणे डाव्या गुडघ्यावर त्याचा शिक्का अजून बाळगून आहे. पुढे मिरजेला वैद्यकीय शिक्षणासाठी गेलो तेव्हा हीच सायकल एसटीच्या टपावर चढून माझ्याबरोबर आली.

ही अॅटलास सोनिपतची. दिल्लीच्या वर, आताच्या हरियाणात, १९५१ साली जानकीदास कपूर यांनी हा कारखाना काढला. त्याच सुमारास देशात सायकलीचे आणखी कारखाने उभे राहत होते. मद्रासजवळ हर्क्युलिस, बंगालमध्ये आसनसोलला इंग्लंडच्या रॅलेची भारतीय बहीण, आणि १९५६ साली लुधियान्यात मुंजाल बंधूंची हिरो. एरवी देशात रस्ते असोत नसोत, सायकल सर्वत्र पोहोचली. पोस्टमन, शिक्षक, दूधवाला, फेरीवाला, गिरणी कामगार, सगळ्यांचे संसार या काळ्या सायकलींनी ओढले. ३ जून २०२० रोजी दिल्लीजवळच्या साहिबाबाद येथील अॅटलासचा कारखाना बंद झाला. कामगार सकाळी गेले तर फाटकावर नोटीस. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला आहे, तोच हा दिवस. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ही बातमी वाचून माझ्या दवाखान्यात तिघा-चौघांनी तरी घरचे माणूस गेल्यासारखा चेहरा केलेला मला आठवतो.

ग्रीक पुराणात अॅटलास नावाचा एक दैत्य आहे. आकाश खांद्यावर तोलून धरण्याची शिक्षा त्याला मिळाली होती. आम्हा डॉक्टरांना हे नाव वेगळ्या कारणाने पाठ असते. मानेच्या पहिल्या मणक्याचे नाव अॅटलास, कारण डोक्याचा सारा भार तो पेलतो. ओझे वाहणाऱ्या सायकलीला हे नाव ज्याने दिले त्याने विचार करून दिले असणार.

आता माझी चूक सांगतो. २००३ साल असेल. शेजारच्या गावचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्याकडे येत. त्यांच्याकडेही अॅटलासच. रोज सकाळी चार किलोमीटर सायकल मारत ते आमच्या गावच्या वाचनालयात यायचे, सगळी वर्तमानपत्रे वाचायचे, एक चहा घ्यायचे आणि दहाच्या आत परत. गुडघे दुखू लागले म्हणून आले. मी क्ष-किरण फोटो काढायला लावला. सांध्यातली जागा कमी झालेली दिसत होती. मी ऐटीत सांगितले, "गुरुजी, झीज झाली आहे. आता सायकल बंद."

त्या पिढीची माणसे डॉक्टरांचे ऐकत. त्यांनी त्याच दिवशी सायकल गोठ्यात लावली. एसटीची वेळ त्यांना जमेना, रोज कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसणे त्यांना प्रशस्त वाटेना. वाचनालय सुटले. दोन वर्षांनी एका लग्नात भेटले तेव्हा वजन वाढले होते, रक्तात साखर सापडली होती आणि गुडघे पूर्वीपेक्षा जास्त दुखत होते. मांडीचे स्नायू पार सैल पडले होते. मला म्हणाले, "डॉक्टर, गुडघ्यासाठी सायकल सोडली. गुडघा तर राहिलाच, पेपर मात्र सुटला." हसून म्हणाले. मला हसता आले नाही.

गुरुजी २०११ साली गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. गुरुजी चांगले सहा फुटांच्या आसपास उंच. आणि सायकलीचे सीट? फ्रेमला टेकेपर्यंत खाली दाबलेले. एवढा उंच माणूस एवढ्या खाली बसून वर्षानुवर्षे पायडल मारत होता. मी त्यांचा गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, त्याचा फोटो काढला. सायकल दवाखान्याच्या दारात उभी असायची, ती मात्र एकदाही पाहिली नाही.

यात शास्त्र आहे ते थोडक्यात. गुडघ्याच्या वाटीमागे मांडीच्या हाडाचे टोक येते. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना आपण जोर लावतो, तितकी वाटी त्या हाडावर जास्त दाबली जाते. उकिडवे बसून उठताना दुखते ते याचमुळे. सीट खाली असले की प्रत्येक पायडलला आपण अर्धवट उकिडवे बसून उठतो. आता जुन्या सायकलीचा हिशेब बघा. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला बहुधा १८. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीला हे झकास. पण चढ लागला, वारा समोरून आला, मागे ओझे असले, तरी बदलायला दुसरा गिअर नाही. सगळा जोर गुडघ्याला. त्यात सीट खाली, चाकात हवा कमी आणि चेन कोरडी. एवढे सगळे जमून आल्यावर गुडघा दुखला नाही तरच नवल.

मग लोक सीट खाली का ठेवतात? मी गेले महिनाभर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हे विचारतो आहे. उत्तर बहुतेकांचे एकच. थांबल्यावर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. रस्त्यावर ट्रॅक्टर, वडाप, कुत्री आणि लग्नाची वरात यांपैकी काहीही कधीही आडवे येते, तेव्हा ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण बरोबर उंचीच्या सीटवर बसून फक्त चवडा टेकतो. थांबायचे तर सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे असते. याला चार दिवसांची सवय लागते, बस.

याच चौकशीत सायकलीबद्दलची मतेही गोळा झाली. अॅटलासवाले एका बाबतीत सगळे सारखे, आपल्या सायकलीची निंदा ऐकून घेत नाहीत. एक निवृत्त पोस्टमन म्हणाले, "खड्ड्यातून गेली तरी हात बधिर होत नाहीत, जडपणाच तिचा गुण." याला वैद्यकीय आधार आहे. या सायकलीवर माणूस ताठ बसतो, हँडल मागे वळलेले असते, वजन सीटवर पडते, तळहातावर पडत नाही. बाजार समितीतले एक हमाल म्हणाले, "कुठल्याही खेड्यात हिचा पार्ट मिळतो, आणि कुणी चोरत नाही." एका बाईंनी, त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, नवऱ्याची अॅटलास वापरून पाहिली आणि सोडली. "ती गड्यांचीच सायकल हो, लुगडं नेसून नळीवरून पाय कसा टाकायचा?" त्या आता बिननळीची लेडीज सायकल चालवतात आणि त्यांची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे.

आमच्या चौकातल्या सायकल मिस्त्रींना मी सर्वांत शेवटी विचारले. चाळीस वर्षे त्यांनी सगळ्या कंपन्यांच्या सायकली उघडल्या आहेत. त्यांनी चाकाचे आउट काढता काढता, वर न बघता निकाल दिला, "छऱ्यात ग्रीस असलं की सगळ्याच सायकली रॅले. ग्रीस नसलं की सगळ्याच भंगार."

मीही अॅटलासवर वाढलेला आहे, पण डॉक्टर म्हणून काळ्या सायकलीचे दोन दोष सांगितलेच पाहिजेत, मग ती कुठल्याही कंपनीची असो. पहिला दोष ब्रेकचा. सळ्यांचे ब्रेक आणि चकचकीत लोखंडी रिम पावसात भिजली की रबर नुसते घसरते. कोरड्यात जिथे सायकल थांबते त्याच्या कितीतरी पुढे ती पावसात जाऊन थांबते. मृगाचा पाऊस सुरू झाला की मनगट मोडलेला एखादा तरी सायकलवाला माझ्याकडे येतो. पावसाळ्याआधी ब्रेकचे रबर बदला आणि उताराला आधीपासूनच ब्रेक थोडा धरून ठेवा. दुसरा दोष मागच्या चाकाचा. कॅरिअरवर बसवलेल्या पोराचा पाय तारांत जातो. टाचेची कातडी सोलून निघते, कधी घोट्याचे हाडही मोडते. ही जखम भरायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि दर ड्रेसिंगला ते पोर आणि त्याची आई दोघेही रडतात. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या आणि पाय ठेवायला पायदान बसवा. मिस्त्रींकडे थोडक्या पैशांत होते. नातवाला शाळेत सोडणाऱ्या आजोबांना ही माझी हात जोडून विनंती आहे.

नव्या गिअरच्या सायकलीही गावात खूप आल्या. टाळेबंदीनंतर तर डॉक्टर, वकील, इंजिनिअर सगळे पहाटे टोपरे घालून निघत होते. आता त्यातल्या निम्म्या सायकलींवर टॉवेल वाळत घातलेले दिसतात. एक तरुण व्यापारी मध्यंतरी आले. आधी सर्दीचे औषध मागितले, मग दार लोटून घेतले, मग हळूच म्हणाले की, सायकलवरून उतरल्यावर पुढचा भाग बधिर होतो, मुंग्या येतात. घाबरून गेले होते. लग्न तोंडावर. त्यांची सायकल महागडी होती, सीट अरुंद, त्याचे नाक वर उचललेले, आणि त्यांनी वरून जाड स्पंजचे कव्हर घातलेले. बसण्याची दोन हाडे स्पंजमध्ये रुततात आणि मधला उंचवटा नेमक्या तिथल्या नसांवर दाबतो. सीट सपाट केले, कव्हर काढले, दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडे उभे राहून पायडल मारायला सांगितले. पंधरा दिवसांत मुंग्या गेल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होण्याची तक्रारही या पुढे झुकून चालवण्याच्या सायकलींची. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. हँडल थोडे उंच घ्या, हाताची जागा बदलत राहा. वीस हजारांची सायकल घेणारा माणूस ती आपल्या मापाची करून घ्यायला दहा मिनिटे देत नाही, हे मला कोडेच आहे. आपण सदरा तरी मापाचा शिवून घेतो.

सायकलीने गुडघे झिजतात हा समज आता सोडायला हवा. चालताना सबंध अंगाचा भार गुडघ्यावर येतो, सायकलवर तो सीट घेते. सांध्याला हालचाल मिळते, मांडीचा स्नायू बळकट होतो, आणि झिजलेल्या गुडघ्याला सर्वांत मोठा आधार त्या स्नायूचाच असतो. अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखी आणि सांध्याची झीज कमी आढळली. ब्रिटनमध्ये अडीच लाखांवर नोकरदारांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, कर्करोग आणि एकूणच मृत्यूचे प्रमाण गाडीने जाणाऱ्यांपेक्षा कमी दिसले. अशा पाहण्यांत मुळात धडधाकट माणसेच सायकल चालवतात असेही असू शकते, हे मान्य. पण माझ्या गुरुजींना धडधाकटपणातून बाहेर कुणी काढले, हे मला ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. गुरुजींचे वाचनालयाला येणे-जाणे तेवढे सहज भरत होते आणि त्याला ते व्यायाम म्हणतही नव्हते.

सीटची उंची घरच्या घरी अशी ठरवा. सायकल भिंतीला टेकवा, कुणालातरी धरायला सांगा आणि सीटवर बसा. पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर झाले, अर्धा इंच खाली घ्या. गुडघ्याच्या पुढून दुखते ते बहुधा खालच्या सीटमुळे आणि मागून दुखते ते उंच सीटमुळे. बुटक्या माणसाने थोरल्या भावाची चोवीस इंची चालवू नये, बावीसची मिळते. एकदम दोन-तीन इंच वर नेऊ नका, आठवड्याला अर्धा इंच पुरे. चाकात हवा भरलेली असावी, चेनला तेल असावे.

कुणी मात्र मला विचारल्याशिवाय सायकलवर बसू नये? ज्यांना चढावर छातीत भरून येते किंवा दम लागतो, चक्कर येते, फिट्स येतात, रक्तदाब आटोक्यात नाही, किंवा गुडघा सुजून गरम झाला आहे, त्यांनी आधी तपासून घ्यावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी लांब जाऊ नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटला, हात थरथरले की उतरायचे आणि साखर तोंडात टाकायची. मागच्या मडगार्डला रेडियमची पट्टी लावायची. उसाच्या हंगामात संध्याकाळी सहानंतर आपल्या रस्त्यावर काय चालते ते मी सांगायला नको.

दूधवाल्यांकडे परत येतो. त्या दिवशी मी त्यांचा गुडघा पाहिला. सूज नव्हती, वाटी हलवली की करकर वाजत होती. मग स्टेथॉस्कोप टेबलावर ठेवून बाहेर आलो. बाकावरची सगळी मंडळी बघत होती. त्यांना अॅटलासवर बसवले, टाच पायडलवर ठेवायला लावली. गुडघा खुर्चीवर बसल्यासारखा वाकलेला. सीट फ्रेमला टेकलेले, गंजून असे धरलेले की माझ्या पान्याला दाद देईना. मिस्त्रींकडे धाडले. त्यांनी रात्रभर रॉकेल सोडून ठेवले आणि सकाळी हातोडीने सोडवून सीट अर्धा इंच वर घेतले. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी एक इंच. मांडीच्या स्नायूचा व्यायाम दिला, पाय सरळ ठेवून दहा आकडे मोजेपर्यंत उचलून धरायचा. गोळ्या पाच दिवसांच्या, त्यापुढे नाहीत. दुधाचे दोन्ही कॅन एकाच बाजूला न अडकवता दोन बाजूंना अडकवायचे ठरले.

परवा ते आले. दुखणे पूर्ण गेले नाही, जाणारही नाही असे मी त्यांना सांगितले होते. चढाला मात्र आता उतरावे लागत नाही म्हणाले. मुलाने गाडीची चौकशी थांबवलेली नाही. ते मला विचारत होते की, पोराला काय सांगू. मी म्हटले, त्यालाच एकदा सायकल घेऊन माझ्याकडे पाठवा, त्याचे वजन मला बघायचे आहे. ते हसले आणि बाहेर जाऊन बाकावरच्या पोस्टमनना आपले सीट दाखवू लागले. मी पुढचा पेशंट आत घेतला.